पेनी स्टॉकला खरी मागणी आहे का? इंडिकेटर कोणत्या क्रमाने वाचायचे

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडे ‘शेअर’ म्हटलं की मागच्या पिढीला साखर कारखान्याचा नाहीतर सोसायटीचा शेअर आठवतो. एकदा घेतला की तो कपाटात जायचा. लाभांश आला तर आला, भाव काय चाललाय हे कुणी विचारत नसे. आता ऊसबिल खात्यावर जमा झालं की त्यातले पाच-दहा हजार मोबाईलवरच्या डिमॅट खात्यात जातात, आणि पहिलं लक्ष जातं ते दोन, पाच, आठ रुपयांच्या शेअरकडे. दहा हजारांत दोन हजार शेअर हाताला लागतात, एक रुपया वाढला तरी दोन हजार सुटतात, असा सरळ हिशेब असतो.

हिशेब चुकीचा नाही. प्रश्न एवढाच, की तो एक रुपया कोण वाढवणार आणि वाढल्यावर तुमचे दोन हजार शेअर कोण घेणार? अशा कमी भावाच्या शेअरमध्ये, म्हणजे पेनी स्टॉकमध्ये, भाव थोड्या पैशांत चढवता येतो. खरी मागणी उभी करणं त्याहून कितीतरी अवघड असतं. म्हणून नुसत्या भावावरून काढलेले इंडिकेटर (चार्टवरची गणिती मोजमापं) इथे सगळ्यात शेवटी पाहायचे. आधी उलाढाल, मग सौद्यांची संख्या, मग डिलिव्हरी, मग भाव आणि व्हॉल्यूम (किती शेअर फिरले) एकत्र मोजणारे इंडिकेटर आणि सरतेशेवटी आरएसआय (भावाच्या चढ-उताराचा जोर ० ते १०० मध्ये सांगणारा इंडिकेटर) वगैरे. बहुतेक जण नेमकं उलट करतात. ॲप उघडल्यावर पहिल्यांदा आरएसआय दिसतो आणि तिथेच निर्णय होऊन जातो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. ‘पेनी स्टॉक’ची बाजार नियामक सेबीने केलेली कायदेशीर व्याख्या नाही. बोलण्यात दहा-वीस रुपयांखालच्या शेअरला असं म्हणतात. पण भाव कमी म्हणजे कंपनी छोटी किंवा शेअर स्वस्त, असं नव्हे. दोन रुपयांच्या शेअरचे ५०० कोटी नग बाजारात असतील तर कंपनीचं बाजारमूल्य १,००० कोटी झालं. व्होडाफोन आयडियाचा भाव पेनी स्टॉकसारखा राहिला आहे, पण त्याचे रोज कोट्यवधी शेअर फिरतात. हा लेख तशा शेअरसाठी नाही. दिवसाला काही लाखांची उलाढाल होते आणि ज्यांचं नाव पहिल्यांदा व्हॉट्सॲपवरच कानावर येतं, अशा शेअरसाठी आहे.

पहिली पायरी: शेअर कोणत्या गटात आहे

चार्ट उघडण्याआधी एनएसई किंवा बीएसईच्या संकेतस्थळावर त्या शेअरचं पान उघडा. तिथे तीन गोष्टी पाहायच्या.

पहिली म्हणजे सिरीज किंवा गट. एनएसईवर ‘ईक्यू’ म्हणजे नेहमीचा व्यवहार. ‘बीई’ असेल तर तो ट्रेड-टू-ट्रेड शेअर, म्हणजे घेतलेला प्रत्येक शेअर डिलिव्हरीतच घ्यावा लागतो, त्याच दिवशी घेऊन विकता येत नाही. बीएसईवर हेच ‘टी’ आणि ‘एक्सटी’ गटांत होतं. एनएसईवर ‘बीझेड’ किंवा बीएसईवर ‘झेड’ दिसलं तर कंपनीने एक्सचेंजचे नियम पाळलेले नाहीत. असा शेअर मी चार्ट न उघडताच सोडतो. तुम्हीही सोडा.

दुसरी म्हणजे प्राइस बँड. २, ५, १० किंवा २० टक्के. एका दिवसात भाव यापेक्षा जास्त हलू शकत नाही. आपल्याकडे ‘सर्किट लागलं’ म्हणतात ते हेच.

तिसरी म्हणजे निगराणी, म्हणजे एक्सचेंज ज्यांच्यावर खास लक्ष ठेवतं अशा शेअरच्या याद्या. जीएसएम फेब्रुवारी २०१७ मध्ये आलं, एएसएम मार्च २०१८ मध्ये, आणि छोट्या कंपन्यांसाठी ईएसएम जून २०२३ मध्ये. या यादीत नाव असणं म्हणजे कंपनी चोर ठरली असं नाही. भाव किंवा व्हॉल्यूम अनैसर्गिक वाटल्यामुळे एक्सचेंजने तिच्यावर लक्ष ठेवलं आहे, एवढाच अर्थ. तुमच्यासाठी मात्र परिणाम ठोस आहे. मार्जिन (व्यवहारासाठी आधी भरावी लागणारी रक्कम) वाढतं, बँड आवळला जातो, वरच्या टप्प्यांत व्यवहारावर आणखी बंधनं येतात, आणि काल जो शेअर सहज विकता येत होता तो उद्या विकता येईलच असं राहत नाही. शिवाय इंडिकेटरच्या दृष्टीने या यादीत जाण्याआधीचा आणि नंतरचा चार्ट हे दोन वेगळे चार्ट समजायचे. २० टक्क्यांचा बँड ५ वर आला की चढ-उतार आपोआप लहान होतात, आणि इंडिकेटर त्याला ‘शांतता’ म्हणतो.

दुसरी पायरी: रुपयांतली उलाढाल

व्हॉल्यूम शेअरच्या संख्येत पाहिला तर डोळे दिपतात. ‘आज तीन लाख शेअर फिरले!’ भाव दोन रुपये असेल तर ही सहा लाखांची उलाढाल झाली. बेळगावात एका चारचाकीला याहून जास्त पैसे लागतात. म्हणून आकडा कायम रुपयांत वाचा.

गेल्या वीस दिवसांची उलाढाल वहीत किंवा एक्सेलमध्ये उतरवा. सरासरी काढू नका, मधला आकडा काढा. म्हणजे वीसही आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावायचे आणि मधला उचलायचा. आकडे वीस असल्याने मधले दोन निघतील, त्यांची सरासरी घ्या. फरक पाहा. समजा एकोणीस दिवस रोज तीन लाखांची उलाढाल झाली आणि एकाच दिवशी नव्वद लाखांची. सरासरी येते ७ लाख ३५ हजार. मधला आकडा येतो तीन लाख. सरासरी पाहणाऱ्याला वाटेल की इथे रोज सात लाखांचे घेणारे आहेत. खरं तर एक दिवस सोडला तर त्याच्या निम्मेही नाहीत. ॲपवरची ‘ॲव्हरेज व्हॉल्यूम’ची रेषा हीच सरासरी दाखवते, म्हणून पेनी स्टॉकमध्ये तिच्यावर विसंबता येत नाही.

आता आजच्या उलाढालीला या मधल्या आकड्याने भागा. उत्तर एक-दीडच्या आसपास असेल तर नेहमीचाच दिवस. तीनच्या वर गेलं आणि सलग काही दिवस तसंच राहिलं तर पुढे तपासण्यासारखं काहीतरी आहे. एकाच दिवशी पंधरा-वीस पट होऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा एकवर आलं, तर त्या दिवशी कुणीतरी मोठा गठ्ठा इकडून तिकडे दिला, एवढंच कळतं. त्या संध्याकाळी एक्सचेंजवरची बल्क डीलची यादी पाहा. कंपनीच्या एकूण नोंदणीकृत शेअरपैकी अर्ध्या टक्क्याहून जास्त शेअर एकाच खात्याने घेतले किंवा विकले तर नाव, संख्या आणि भाव जाहीर होतो.

तिसरी पायरी: किती सौदे झाले

माझ्या मते पेनी स्टॉकसाठी हा सगळ्यात उपयोगी आकडा आहे, आणि तो कुठल्याच इंडिकेटरच्या यादीत नसल्यामुळे कुणी पाहत नाही. एनएसई आणि बीएसईच्या रोजच्या भावपत्रकात प्रत्येक शेअरपुढे ‘सौद्यांची संख्या’ हा रकाना असतो. बीएसईवर शेअरच्या ऐतिहासिक भावांच्या तक्त्यातही तो मिळतो.

समजा एका शेअरचे दिवसभरात २,४०,००० नग फिरले. सौदे झाले ६०. म्हणजे सौद्यामागे ४,००० शेअर. दुसऱ्या दिवशी तेवढेच २,४०,००० फिरले, पण सौदे झाले १,१००. म्हणजे सौद्यामागे साधारण २१८ शेअर. व्हॉल्यूमच्या पट्ट्या दोन्ही दिवशी सारख्याच उंच दिसतील. पाचव्या पायरीत येणारे ओबीव्ही, सीएमएफ, कुठल्याही इंडिकेटरला या दोन दिवसांतला फरक कळणार नाही. तुम्हाला कळला पाहिजे. पहिल्या दिवशी मोजकी माणसं आपापसांत फिरवत असण्याची शक्यता मोठी, दुसऱ्या दिवशी खूप लोक आले असण्याची. बेळगावच्या मार्केट यार्डात आवक नसलेल्या दिवशी रताळ्याची दहा पोती चढ्या दराने गेली म्हणून शेतकरी लगेच काढणी करत नाही. किती पोती गेली आणि बोलीला किती व्यापारी होते, हे तो आधी विचारतो.

खूप लोक आले म्हणजे चांगलंच असं मात्र समजू नका. टिप फिरल्यावरही सौद्यांची संख्या अशीच उसळते. फरक वेगात असतो. खरी मागणी आठवड्यांमध्ये चढते: ८० सौदे, मग १२०, मग दोनशे, आणि भाव घसरलेल्या दिवशीही ती अगदी तळाला जात नाही. टिपची गर्दी दोन-तीन दिवसांत शंभरावरून काही हजारांवर जाते आणि तेवढ्याच वेगाने ओसरते.

चौथी पायरी: डिलिव्हरी, टक्क्यात नव्हे तर नगात

संध्याकाळी एनएसई आणि बीएसई डिलिव्हरीचे आकडे देतात. एकूण फिरलेल्या शेअरपैकी किती खरोखर कुणाच्या डिमॅटमध्ये जाणार, ते यातून कळतं. ‘डिलिव्हरी ८० टक्के, म्हणजे मोठे लोक उचलतायत’ असं सर्रास सांगितलं जातं. तसं घाईने म्हणता येत नाही.

शेअर बीई किंवा टी गटात असेल तर डिलिव्हरी जवळजवळ १०० टक्केच असणार, कारण दुसरा मार्गच नाही. तिथे हा आकडा काही सांगत नाही. टिप पाठवणारे नेमका हाच आकडा ठळक करून पाठवतात.

ईक्यू गटातही नुसता टक्का फसवतो. काल २ लाख शेअर फिरले, डिलिव्हरी ६० टक्के, म्हणजे १ लाख २० हजार शेअर घरी गेले. आज १० लाख फिरले, डिलिव्हरी ३० टक्के. टक्का निम्म्यावर आला, पण घरी गेले ३ लाख. मागणी कालच्या अडीच पट झाली. म्हणून डिलिव्हरीचे नग लिहा आणि त्यांचा वीस दिवसांचा मधला आकडा काढा. भाव फारसा हललेला नाही आणि डिलिव्हरीचे नग तीन-चार आठवडे वाढतायत, ही पेनी स्टॉकमधली मला सगळ्यात विश्वासाची वाटणारी खूण. तरीही ती पुरावा नव्हे. वेगवेगळ्या खात्यांतून शेअर फिरवले तरी डिलिव्हरी दिसतेच.

पाचवी पायरी: ओबीव्ही आणि सीएमएफ शेजारी ठेवून वाचा

आता इंडिकेटर. भाव आणि व्हॉल्यूम एकत्र मोजणारे दोन घ्या, जास्त नको.

ओबीव्ही (ऑन बॅलन्स व्हॉल्यूम) जोसेफ ग्रॅनव्हिल यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केला. नियम सोपा आहे. आजचा बंद भाव कालपेक्षा वर असेल तर आजचा सगळा व्हॉल्यूम मिळवायचा, खाली असेल तर सगळा वजा करायचा. सीएमएफ (चायकिन मनी फ्लो) मार्क चायकिन यांचा. तो कालच्या भावाकडे पाहतच नाही. आजच्या उच्चांक आणि नीचांकाच्या दरम्यान बंद भाव कुठे पडला, त्या प्रमाणात तो व्हॉल्यूमला अधिक किंवा उणे वजन देतो आणि साधारण वीस दिवसांची बेरीज एकूण व्हॉल्यूमने भागतो.

एक दिवस हाताने करून पाहू. १० टक्के बँडचा शेअर. काल बंद झाला ६.३० ला. आज नीचांक ६.३५, उच्चांक ६.८०, बंद ६.३८, व्हॉल्यूम ९ लाख.

ओबीव्ही म्हणेल: ६.३८ हा ६.३० पेक्षा वर आहे, मिळवा ९ लाख.

सीएमएफचं गणित असं: बंद भाव नीचांकापासून ३ पैसे वर, उच्चांकापासून ४२ पैसे खाली. ३ मधून ४२ वजा केले, उणे ३९. त्याला दिवसाच्या पल्ल्याने म्हणजे ४५ पैशांनी भागलं, उणे ०.८६७ च्या आसपास. गुणिले ९ लाख, म्हणजे जवळपास उणे ७ लाख ८० हजार.

एकाच दिवसाबद्दल एक इंडिकेटर नऊ लाखांची मागणी सांगतो, दुसरा पावणेआठ लाखांचा पुरवठा. चार्टवर त्या दिवसाची मेणबत्ती (कँडल) पाहा: वर लांब शेपूट, खाली छोटं अंग. सकाळी ६.८० पर्यंत घेणारे धावले, वर कुणीतरी विकत बसलं होतं, आणि दिवसअखेर घेणारे संपले. अशा दिवशी मी सीएमएफचं ऐकतो. ओबीव्ही लांब मुदतीची दिशा दाखवायला चांगला आहे, पण ‘वरच्या भावाला कोण होतं’ हे त्याला विचारण्यात अर्थ नाही.

म्हणून वाचायची रीत अशी ठेवा. ओबीव्ही आठवड्याच्या चार्टवर लावा आणि फक्त एवढंच पाहा, की भाव एका पट्ट्यात अडकलेला असताना ओबीव्ही हळूहळू वर जातोय का. सीएमएफ रोजच्या चार्टवर लावा आणि तो शून्याच्या वर, शक्यतो ०.१० च्या वर, सलग दोन-तीन आठवडे टिकतो का ते पाहा. एखादा दिवस वर, एखादा खाली असं चाललं असेल तर त्यातून काही काढू नका. भाव नवा उच्चांक करतोय आणि सीएमएफ शून्याखाली घसरतोय, तर ताजी खरेदी बंद.

सर्किटच्या दिवशी इंडिकेटर बंद पडतात

आता ज्यामुळे सगळ्यात जास्त लोक अडकतात त्या गोष्टीवर येऊ. ४ रुपयांचा शेअर ५ टक्क्यांच्या सर्किटने चढू लागला: ४.२०, ४.४१, ४.६३... दहा दिवसांत साडेसहाच्या आसपास. सकाळी सव्वानऊला सर्किट लागतं ते साडेतीनपर्यंत सुटत नाही. आरएसआय शंभराला टेकतो. ग्रुपवर रोज स्क्रीनशॉट येतो.

त्या दिवसांत इंडिकेटरचं काय होतं? दिवसभर एकच भाव, म्हणजे उच्चांक, नीचांक आणि बंद सारखेच. सीएमएफच्या गणितात भाजक शून्य होतो. चार्ट तिथे निमूट शून्य धरतो. ओबीव्ही वाढतो, पण फिरलेले शेअर असतात काही हजार, त्यामुळे रेषा जेमतेम हलते. आरएसआय फक्त ‘भाव चढतोय’ एवढंच सांगतो, जे तुम्हाला आधीच माहीत आहे. हे इंडिकेटर सतत घेणारे-विकणारे असलेल्या बाजारासाठी बनले आहेत. विकणाराच नसलेल्या दिवशी ते काही मोजत नसतात.

तेव्हा पाहायचं ते वेगळं. खरेदीच्या रांगेत किती शेअर थांबलेत आणि प्रत्यक्षात किती फिरले? रांगेत १२ लाख आणि फिरले ३,००० असतील तर भाव ठरवणारी रक्कम होती जेमतेम पंधरा-वीस हजार रुपये. रांगेतल्या ऑर्डर मागेही घेता येतात, म्हणून दुपारी तीननंतर रांग किती उरली तेही पाहा.

आणि खरी परीक्षा सर्किट उघडतं त्या दिवशी. शेअर वरच्या सर्किटला सुरू होतो, अचानक पुरवठा येतो, रांग खाल्ली जाते, व्हॉल्यूम एकदम पन्नास पट. इतके दिवस रांगेत थांबलेल्यांना त्या दिवशी शेअर मिळतात आणि ते खूश होतात. पण तुम्हाला शेअर केव्हा मिळणार हे विकणाऱ्याने ठरवलेलं असतं, तुम्ही नव्हे. त्या दिवसाचा बंद भाव वरच्या टोकाजवळ टिकला तर एवढा पुरवठा पचवणारी मागणी आहे असं म्हणता येतं. वरच्या सर्किटपासून खालच्या सर्किटपर्यंत एकाच दिवसात आला, तर माल वाटून झाला. पुढचे दिवस खालचं सर्किट, आणि तुम्ही विक्रीच्या रांगेत.

इथे स्टॉपलॉसही (भाव ठरलेल्या पातळीखाली गेला की आपोआप विकण्याची ऑर्डर) वाचवत नाही. ऑर्डर सुरू होते, पण घेणाराच नसल्याने ती रांगेत शेवटी जाऊन बसते. पेनी स्टॉकमध्ये ‘मी स्टॉपलॉस लावलाय’ या वाक्यावर निर्धास्त होऊ नका.

आरएसआय आणि मूव्हिंग ॲव्हरेज

वेल्स वायल्डर यांनी १९७८ मध्ये आरएसआय मांडला. मोठ्या शेअरमध्ये ७० आणि ३० च्या पातळ्या पाहतात. पेनी स्टॉकमध्ये त्या उपयोगाच्या नाहीत. शेअर ९० पैशांचा असेल तर एका पैशाचा फरकही एक टक्क्याहून जास्त होतो, त्यामुळे रोजचा आरएसआय उगाच नाचत राहतो. आठवड्याचा चार्ट घ्या आणि फक्त ५० ची पातळी पाहा. घसरणीतही ५० च्या आसपास थांबून पुन्हा वर फिरत असेल तर आधीच्या पायऱ्यांतून निघालेल्या निष्कर्षाला थोडा आधार मिळतो. त्यापलीकडे काही नाही. ५० दिवसांची मूव्हिंग ॲव्हरेज (भावाची सरकती सरासरी) चढती असणं चांगलं. एमएसीडी, स्टोकॅस्टिक, बोलिंजर ही सगळी भावाचीच वेगवेगळी रूपं आहेत, ती लावून नवीन माहिती मिळत नाही.

एक तपासणी मात्र विसरू नका: स्प्लिट (एका शेअरचे अनेक तुकडे) किंवा बोनस (फुकट मिळणारे जादा शेअर). दहा रुपये दर्शनी मूल्याचा शेअर एक रुपयाचा झाला की शेअर दहापट होतात आणि व्हॉल्यूमही दहापट दिसतो. चार्ट जुने आकडे दुरुस्त करून दाखवतोय का, ते आधी पाहा.

तिमाहीला एकदा ताळा घ्या

चार्टवर जे दिसलं ते खरं की खोटं हे तीन महिन्यांनी कळतं. तिमाही संपल्यापासून २१ दिवसांत कंपनीला भागधारणेचा तपशील एक्सचेंजला द्यावा लागतो. त्यात प्रवर्तकांचा (कंपनी उभी करून चालवणाऱ्यांचा) हिस्सा, त्यातला गहाण किती आणि छोट्या भागधारकांची संख्या पाहा. भाव चढत असताना प्रवर्तकांचा हिस्सा घटला आणि छोट्या भागधारकांची संख्या अनेक पट झाली, तर ओबीव्ही काहीही म्हणो, माल वरून खाली आला आहे. प्रेफरन्शियल वाटप (निवडक लोकांना थेट दिलेले नवे शेअर) झालं असेल तर तारीख टिपून ठेवा. प्रवर्तक नसलेल्यांना सहा महिन्यांचा लॉक-इन (शेअर विकता न येण्याची मुदत) असतो, तो संपला की नवा पुरवठा येऊ शकतो.

साधना ब्रॉडकास्टचं प्रकरण या दृष्टीने वाचण्यासारखं आहे. २०२२ च्या जुलैत यूट्यूबवर या शेअरबद्दल दिशाभूल करणारे व्हिडिओ आले, भाव आणि व्हॉल्यूम दोन्ही उसळले, आणि सेबीच्या २ मार्च २०२३ च्या अंतरिम आदेशानुसार त्याच काळात काही प्रवर्तकांनी आणि मोठ्या भागधारकांनी चढ्या भावाला शेअर विकले. छोट्या भागधारकांची संख्या दोन हजारांच्या आसपास होती, ती पन्नास हजारांच्या पुढे गेली. त्या दिवसांत व्हॉल्यूम, सौदे, ओबीव्ही सगळं वर असणार. मागणी खोटी नव्हती, घेणारे खरेच होते. ती मागणी कुणासाठी तयार केली गेली, हे इंडिकेटर सांगू शकत नाही.

याच्या उलट उदाहरण आपल्या दारातलं. श्री रेणुका शुगर्सचं नोंदणीकृत कार्यालय बेळगावात, आणि सौंदत्ती तालुक्यातला मुनोळीचा कारखाना आपल्या लोकांना माहितीचा. २०२० च्या मार्चमध्ये हा शेअर दहा रुपयांच्या खाली होता, २०२२ मध्ये पन्नासच्या वर गेला. मागे कारण होतं. २०१८ मध्ये सिंगापूरच्या विल्मारने कंपनीची सूत्रं घेतली होती, आणि २०२१ मध्ये सरकारने २० टक्के इथेनॉल मिश्रणाचं उद्दिष्ट अलीकडे ओढून २०२५ वर आणलं. पुढे ७ डिसेंबर २०२३ ला उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर निर्बंध आले आणि साखर कंपन्यांचे शेअर पडले. हा शेअर घ्या किंवा विका, असं मी सांगत नाही. पण सराव करायचा असेल तर हाच चार्ट आठवड्याच्या पट्टीवर उघडा, ओबीव्ही आणि सीएमएफ लावा आणि या तारखांच्या आसपास काय झालं ते स्वतः वाचा. धंदा ओळखीचा असल्याने चार्टमागचं कारण इथे शोधता येतं.

किती घ्यायचं

मी स्वतःसाठी पाळतो तो नियम असा: रोजच्या मधल्या उलाढालीच्या दोन टक्क्यांहून जास्त रक्कम एका शेअरमध्ये घालायची नाही. मधली उलाढाल सहा लाख असेल तर बारा हजार. पडझडीत उलाढाल दहाव्या हिश्शावर येते. तेव्हाही बारा हजारांचा माल दोन-तीन दिवसांत काढता आला पाहिजे.

घेण्याआधी खरेदी आणि विक्रीच्या पहिल्या बोलीतलं अंतर मोजा. ४.१० ला घेणारा आणि ४.२० ला विकणारा असेल तर आत शिरताक्षणीच तुम्ही सव्वादोन-अडीच टक्के मागे. कायम लिमिट ऑर्डर (भाव तुम्ही ठरवता ती) टाका, मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाची) कधीच नाही. वर खर्च: खरेदी आणि विक्री दोन्हींवर ०.१ टक्का एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर), आणि विकताना ब्रोकरप्रमाणे साधारण पंधरा रुपयांच्या आसपास डीपी चार्ज (डिमॅटमधून शेअर बाहेर काढण्याचं शुल्क). सहाशे रुपयांचे शेअर विकले तर एवढ्यानेच अडीच टक्के गेले. वर्षाच्या आत विकून नफा झाला तर २० टक्के कर.

टिप देणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: सेबीचा नोंदणी क्रमांक काय? रिसर्च ॲनालिस्टचा क्रमांक ‘आयएनएच’ने सुरू होतो, गुंतवणूक सल्लागाराचा ‘आयएनए’ने. तो सेबीच्या संकेतस्थळावर नावासकट जुळवून पाहा. क्रमांक दिला नाही तर ग्रुप सोडा. पैसे अडकले असतील आणि तक्रार सेबीकडे नोंदलेल्या ब्रोकर-सल्लागाराविरुद्ध किंवा शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीविरुद्ध असेल, तर ती सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर करता येते. त्यासाठी मेसेज, व्यवहाराच्या नोंदी आणि बँकेचा तपशील पुसून न टाकता ठेवा.

कधी निघायचं

घेतानाच वहीत तीन आकडे लिहा: त्या दिवसाची मधली उलाढाल, डिलिव्हरीचे मधले नग, सौद्यांची मधली संख्या. दर शनिवारी नवे आकडे शेजारी लिहा. यातला एक खाली आला तर थांबून पाहा. दोन खाली आले आणि भाव मात्र वरच असेल, तर सर्किटची वाट न पाहता निम्मा माल काढा. भाव वर असतानाच विकायचं, कारण तेव्हाच घेणारे असतात. सीएमएफ दोन आठवडे शून्याखाली राहिला तर उरलेलाही काढा. शेअर बीई किंवा टी गटात टाकल्याची सूचना आली तर अंमल सुरू व्हायच्या आधीच, सूचना दिसली त्याच दिवशी निर्णय घ्या. त्यानंतर घेणाऱ्यांची संख्या बहुतेक वेळा घटते. आणि खालचं सर्किट लागलंच, तर विक्रीची लिमिट ऑर्डर सकाळी नऊ वाजता प्री-ओपन (बाजार उघडण्याआधीचं छोटं सत्र) सुरू होताच टाका. त्याच भावाच्या रांगेत ज्याची ऑर्डर आधी, त्याचा माल आधी जातो.